निद्रेची खतावणी

आपल्या व्यापारी समाजात कमी झोप हा गौरवाचा विषय आहे. ‘शेठजी रात्री बारापर्यंत पेढीवर असतात आणि पहाटे चारला उठतात,’ हे वाक्य कौतुकानेच उच्चारले जाते. माझे थोरले बंधू या कौतुकाचे धनी होते. गेल्या चातुर्मासात मात्र प्रवचनाला बसताच त्यांची मान कलू लागली. गादीवर जमाखर्च तपासतानाही डोळा लागे. घरात सर्वांनी ते वयावर घातले. पुढे एकदा मोटार चालवताना त्यांना डुलकी लागली आणि गाडी दुभाजकाला घासली. तेव्हा पुतण्याने हट्ट धरून त्यांना निद्रातपासणीसाठी नेले.

त्या रात्री मी सोबतीला होतो. तंत्रज्ञाने त्यांच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला व छातीला तारा जोडल्या. भाऊ हसून म्हणाले, ‘‘अरे, झोपेत कसला हिशेब मांडायचा?’’

हिशेब खरोखरच मांडला जात होता. मेंदूतील विद्युत्‌लहरी इतक्या क्षीण असतात, की त्या व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजाव्या लागतात. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये मानवी मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या आणि 1929 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. झोपेतील लहरींचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण करणाऱ्यांमध्ये तर एक सराफी पेशाचा गृहस्थ होता! आल्फ्रेड लूमिस यांनी न्यूयॉर्कच्या भांडवल बाजारात संपत्ती मिळवली, 1929 च्या मंदीपूर्वी गुंतवणूक मोकळी केली आणि टक्सीडो पार्क येथे स्वतःची प्रयोगशाळा चालवली. 1937 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह झोपेच्या पाच अवस्था मांडल्या. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी, बुबुळे वेगाने फिरतात आणि बहुधा स्वप्ने पडतात, ती अवस्था उजेडात आणली.

आज तज्ज्ञ ही नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतात. आठ तासांच्या झोपेची पाने होतात 960. जणू खतावणीच! मिटल्या डोळ्यांनी जागे असताना लहरी सेकंदाला आठ ते तेरा असतात. झोप लागताच त्या मंदावतात. पुढे चातीच्या आकाराचे लहरींचे झुबके दिसतात. गाढ झोपेत सेकंदाला एखाद-दुसरीच, पण उंच व संथ लाट उमटते. स्वप्नावस्थेत लहरी जागेपणासारख्या होतात, शरीर मात्र शिथिल असते. हे आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचे. गाढ झोप बहुतांशी रात्रीच्या पूर्वभागात आणि स्वप्नझोप पहाटेकडे अधिक असते. म्हणून पहाटेची झोप कापली, तर सर्व खात्यांतून सारखी कपात होत नाही. स्वप्नझोपेचे खाते अधिक रिकामे होते.

भाऊंच्या खतावणीत वेगळीच खोट निघाली. झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास थांबे. मग मेंदू काही क्षण जागा होई आणि श्वास पुन्हा सुरू होई. रात्रभर हेच चाले. सकाळी त्यांना त्यातले काहीच आठवत नसे. गाढ झोपेच्या लाटा फारच थोड्या होत्या. अंथरुणावरचे तास भरत होते, पण जमा काहीच होत नव्हते.

आपल्या पहिल्या कर्मग्रंथात दर्शनावरणीय कर्माच्या विवेचनात निद्रेचे पाच भेद सांगितले आहेत. सहज मोडते ती निद्रा, कष्टाने मोडते ती निद्रानिद्रा, बसल्या वा उभ्या जागी येते ती प्रचला, चालताना येते ती प्रचलाप्रचला आणि दिवसा योजलेले काम झोपेत करवते ती स्त्यानगृद्धी. तो विचार आत्म्याच्या आवरणाचा, हा मेंदूच्या लहरींचा. दोहोंची सरमिसळ करू नये. तरीही झोप एकजिनसी नसते, हे आपल्या पूर्वाचार्यांनी बारकाईने पाहिले होते, याचा आनंद वाटतो.

निद्रा हा प्रमाद आहे, मग ती जपायची कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते, रात्री बुडवलेली झोप दिवसा सामायिकात आणि प्रवचनात वसुलीला येते. अप्रमत्त राहायचे, तर हे देणे वेळेवर चुकते केलेले बरे. चौविहार पाळून सूर्यास्तापूर्वी जेवणारे आपण, मध्यरात्रीपर्यंत मोबाईलवर भाव पाहत बसतो, यात कोणता संयम?

भाऊ आता रात्री श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा मुखवटा लावून झोपतात. परवा प्रवचनात ते अखेरपर्यंत ताठ बसले होते. आपल्या घरात कोणी मोठ्याने घोरत असेल, घोरता घोरता श्वास थांबत असेल, दिवसा डुलक्या घेत असेल, तर त्याची थट्टा करू नका. त्याला वैद्यकीय सल्ल्यासाठी न्या. ज्याचा श्वास थांबतो त्याला ते कळत नाही. शेजारी झोपणाऱ्यालाच कळते.

जय जिनेंद्र.