दिवाळीचे बोलपट : एका मास्तराची गुणपत्रिका

चकलीचा डबा तळाला लागतो न लागतो, तोच वर्तमानपत्रांतून दुसरा फराळ सुरू होतो : अमक्या बोलपटाने तीन दिवसांत किती कोटी मिळवले! आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत हे आकडे अशा हर्षाने वाचले जातात की, निर्मात्याने त्यात आमचाही वाटा ठेवला आहे, असे परक्याला वाटावे. वाचकहो, हलवायाचा गल्ला मोजून कधी कोणाला अनारशाची चव कळली आहे काय?

मी जेमतेम मॅट्रिक. सिनेमाचे शास्त्र मला ठाऊक नाही. परंतु मुलांचे पेपर तपासण्यात निम्मे आयुष्य गेले. नुसत्या वळणदार अक्षराला किती गुण द्यावेत, एवढे कळते. माझी कसोटी साधी आहे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत घरात त्या चित्रपटाविषयी कोणी बोलत होते काय? या कसोटीने लावलेली ही माझी क्रमवारी, तळापासून वर.

अगदी तळाला २०१८ चा 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान'. अमिताभ बच्चन आणि आमिर खान प्रथमच एकत्र, शिवाय जहाजे आणि तोफा. पहिल्या दिवसाचा गल्ला ५० कोटींच्या वर आणि दुसऱ्या दिवसापासून घसरगुंडी! ते ५० कोटी कोणाचे? त्यांत माझ्या पाच तिकिटांचे पैसे आहेत! त्याच पाडव्याला 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' हा मराठी चित्रपट लागला होता. मराठीला खेळ मिळत नाहीत म्हणून आठवडाभर तावातावाने बोलणारा मीच. आणि सणाच्या दिवशी सारे बिऱ्हाड घेऊन जहाज पाहायला गेलो तोही मीच. मध्यंतरापूर्वीच आईला झोप लागली. मी तिला उठवले नाही.

तिसरा क्रमांक १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा. मुंबईच्या मराठा मंदिरात तो हजारावर आठवडे चालला, म्हणून नव्हे. मी पाहिला तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो. पळून न जाता बापाची संमती मागणारा नायक मला फार थोर वाटला होता. पुढे दूरचित्रवाणीवर तो पाहताना माझ्या मुलीने विचारले, "बाबा, आणि वडिलांनी तिचा हात सोडलाच नसता तर?" मला उत्तर देता आले नाही. अजून शोधतो आहे.

दुसरा क्रमांक 'कट्यार काळजात घुसली'चा. २०१५ च्या पाडव्याला 'प्रेम रतन धन पायो'च्या समोर तो उभा राहिला. दुर्दैव असे की, 'मुंबई-पुणे-मुंबई २' हाही त्याच दिवशी लावून आपण आपल्याच घरात भाऊबंदकी केली! दारव्हेकरांचे नाटक १९६७ चे. त्यावरचा हा चित्रपट पाहून, तंबोरा आणि भोपळा यांतला भेद न जाणणारा माझा मुलगा महिनाभर विचारीत होता, "एवढे चांगले गाणाऱ्या खाँसाहेबांना मत्सर का वाटला?" हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात सापडत नाही.

पहिला क्रमांक 'नाळ'चा. २०१८ च्या तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर तो आला. जहाजाचे प्रायश्चित्त म्हणून मी आईला घेऊन गेलो. आपली आई जन्मदाती नाही, हे कळलेला लहानगा चैत्या पडद्यावर वावरत होता आणि या वेळी आई टक्क जागी होती. आईला तिच्या मामीने वाढवले, हे मला ठाऊक होते. पण मामीला ती 'आई' म्हणून प्रथम केव्हा हाक मारू लागली, हे तिने त्या रात्री चुलीपुढे सांगितले. चाळीस वर्षे मी तिचा मुलगा. मी कधी विचारलेच नव्हते!

आता कोणी म्हणेल, मास्तर, मराठी चित्रपटांना जागा मिळत नाही, त्याचे काय? मिळत नाही, हे खरे. म्हणून तर २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी खेळ दाखवायला सांगितले. परंतु सरकार फार तर खेळ लावील. खुर्चीत येऊन बसणार नाही. २०२३ च्या दिवाळीत 'नाळ भाग २' आला. दोनच दिवसांनी, ऐन लक्ष्मीपूजनाला, 'टायगर ३' आला. पुढे 'नाळ भाग २'ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण अभिमानाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवाळीत आपल्यापैकी किती जणांनी आपली मुले तिकडे नेली होती?

हिंदी पाहू नका, असे मी म्हणत नाही. तिसरा क्रमांक मीच तिला दिला आहे. म्हणणे एवढेच की, दुसऱ्याच्या कोटींवरून आपली आवड ठरवू नका. माझी क्रमवारी चुकीची वाटली तर खुशाल फाडा. पण मग भाऊबीजेला ताटाभोवती बसून स्वतःची मांडा. आणि घरातल्या म्हातारीला विचारायला विसरू नका. ती कुठे झोपली आणि कुठे जागी राहिली, एवढेच विचारा.