शिवाजी विद्यापीठासाठी दक्षिण महाराष्ट्रास आवाहन

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील नागरिकांस, तसेच येथून पोटासाठी अगर विद्येसाठी मुंबई-पुण्यास किंवा परमुलखास गेलेल्या आमच्या सर्व बंधुभगिनींस,

कोल्हापूर शहरालगतच्या सागरमाळावर १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तोवर या मुलखातील मुलामुलींना पदवी मिळे ती प्रथम मुंबई विद्यापीठाची आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाची. कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून आणि सांगलीस विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून निष्ठेने अध्यापन करीत होते, तरी पदवीच्या पुढचे शिक्षण आणि संशोधन हा बहुतांशी परगावी बिऱ्हाड करण्याची ऐपत असलेल्यांचाच प्रांत राहिला होता. तो प्रांत शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या आणि बलुतेदाराच्या मुलांस खुला व्हावा, या हेतूने आठशे त्रेपन्न एकरांचा एक ओसाड, खडकाळ माळ विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आला, आणि डॉ. आप्पासाहेब पवार यांच्यासारख्या इतिहाससंशोधकाने पहिले कुलगुरू या नात्याने तेथे इमारती, झाडे आणि माणसे ही तिन्ही एकाच आस्थेने उभी केली. ज्या पिढीने हे पाहिले ती आता मावळत आहे. ज्या पिढ्यांना त्याचे फळ मिळाले त्या मात्र शाळांतून, न्यायालयांतून, रुग्णालयांतून, साखर कारखान्यांतून आणि मंत्रालयापर्यंतच्या कचेऱ्यांतून सर्वत्र विखुरलेल्या आहेत, आणि हे पत्र प्रथम त्यांच्यासाठी आहे.

विद्यापीठ हे सरकारने काढले, सरकारच ते चालवील, आपण कर भरतो तेवढे पुरे, असा समज आपल्याकडे गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. सरकारने आपली जबाबदारी टाळू नये हे मलाही मान्य आहे, आणि या आवाहनाचा आधार घेऊन उद्या कोणी सरकारी अनुदानास कात्री लावू म्हणेल तर त्यास विरोध करणाऱ्यांत मी पुढे असेन. परंतु या मुलखातील विद्येचा इतिहास केवळ सरकारी मंजुरीचा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढविले, तसेच जैन, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठीही वसतिगृहे निघाली, महाराजांनी त्यांस जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. पण त्याच वेळी त्या त्या समाजाने आपली वर्गणी घालावी, आपले पंच नेमावेत, आपला जमाखर्च आपण ठेवावा, असाही त्यांचा कटाक्ष होता. याच कोल्हापुरात शिकलेले, कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा त्यांच्यापाशी सरकारी खजिना नव्हता. गावोगावच्या बायांनी दळणास बसताना बाजूस काढलेले मूठभर धान्य हीच त्यांची तिजोरी होती, आणि तेही पुरेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपल्या अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा मोडले. या घटना आपण भाषणांतून वारंवार ऐकतो आणि पुतळ्यांना हार घालतो; त्या घटनांनी आपल्यावर टाकलेले देणे मात्र कोणाच्याच खतावणीत लिहिले जात नाही.

आज या देण्याची फेड कशी व्हावी हे सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याची स्थिती सांगितली पाहिजे.

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एके काळी रोज सकाळी चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडीकडून येणाऱ्या एस.टी. गाड्यांमधून डबे उतरत. झाकणावर खिळ्याने कोरलेले नाव, आत धुवट फडक्यात बांधलेल्या भाकरी, एका कोपऱ्यात हिरव्या मिरचीचा खर्डा, आणि हंगाम बरा असेल तर मटकीची उसळ. आईने पहाटे उठून भाजलेली ती भाकरी दुपारच्या तासिकेपूर्वी मुलाच्या हाती पडे आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा गावी परत जाई. या डब्यांवर शिकलेली माणसे पुढे प्राचार्य झाली, अभियंते झाली, मंत्री झाली. आता तो डबा बराचसा बंद पडला आहे. गावाकडे पहाटे भाकरी करणारी माऊली स्वतःच रोजंदारीवर जाते, आणि मुलास शहरातील खानावळीचे दरमहा पैसे रोख भरावे लागतात. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण ती हाती पडेपर्यंत पुष्कळदा वर्ष सरत येते. तोवर दोघांनी मिळून एक डबा लावायचा आणि महिन्याचा शेवटचा आठवडा एका जेवणावर काढायचा, हा व्यवहार कोणत्याही वसतिगृहात जाऊन, मुलांशी विश्वासाने बोलले, तर आजही कळून येतो. मुलींच्या बाबतीत तर खानावळीचे पैसे थकले की घरून पहिला निरोप येतो तो परत ये असाच, आणि परत गेलेली मुलगी पुन्हा वर्गात दिसेल याची शाश्वती नसते. त्यातच २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनी पंचगंगा आणि कृष्णाकाठची घरे, गुरे आणि उभा ऊस बुडविला. ज्या घरचे वर्षाचे उत्पन्न एका आठवड्यात पाण्याखाली जाते, त्या घरातील एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने फी कोठून भरावी?

या प्रश्नाचे एक अत्यंत सन्मान्य उत्तर विद्यापीठात डॉ. आप्पासाहेब पवारांच्या काळापासून चालत आले आहे, आणि ते म्हणजे कमवा व शिका ही योजना. दिवसातील काही तास विद्यापीठाच्या निरनिराळ्या विभागांत काम करावे, त्याच्या मोबदल्यात राहण्याजेवणाची सोय व्हावी, आणि उरलेला सारा वेळ अभ्यासास मिळावा, अशी ही व्यवस्था आहे. भाऊरावांच्या श्रमनिष्ठेचा हा सरळ वारसा असून त्यात भिक्षेचा लवलेशही नाही. माझी पहिली विनंती अशी, की या योजनेत घेता येतील तेवढे विद्यार्थी आणि विशेषतः विद्यार्थिनी घेण्याइतके द्रव्य तिच्यामागे कायम असावे, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या मधल्या महिन्यांसाठी विद्यार्थ्यास तसलमात म्हणून देता येईल व शिष्यवृत्ती मिळताच परत भरता येईल अशी एक स्वतंत्र गंगाजळी असावी. ही रक्कम पुन्हा पुन्हा फिरत राहते. एकदा दिलेला रुपया दरवर्षी नव्या मुलाच्या उपयोगी पडतो, आणि घेणारा कोणाचा मिंधा राहत नाही.

दुसरी विनंती संशोधनासाठी आहे. संशोधन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कोट्यवधींची यंत्रे येतात. ती लागतात, आणि त्यांच्यासाठी दिल्लीकडून अनुदानेही मिळतात. अडते ते लहान गोष्टींपाशी. आपल्या विद्यापीठाने ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध करून करवीर राज्याच्या इतिहासाचा पाया घातला. पण या प्रदेशातील देवस्थानांत, वाड्यांत आणि जुन्या दप्तरांत मोडी कागदांचे रुमाल अजून न वाचलेले पडून आहेत, आणि त्यांचे वाचन करण्यासाठी मोडी येणारा तरुण, त्याचा प्रवासखर्च आणि काही महिन्यांचा निर्वाह एवढेच लागते. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीच्या कड्यांवर कसेबसे तग धरून राहिलेल्या कंदीलपुष्पांच्या जाती शोधण्याचे, त्या आपल्या उद्यानात वाढविण्याचे जे काम केले त्याचा लौकिक देशाबाहेर गेला आहे. पावसाळ्यात चार-सहा आठवडे, नेमकी फुले येतात त्या दिवसांत, कड्याच्या कपारीत उतरल्याखेरीज ते काम होत नाही, आणि त्या आठवड्यांचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली बसत नसल्यामुळे अनेक शोध पुढच्या वर्षावर आणि मग कायमचेच लांबणीवर पडतात. शिरोळ-वाळव्याकडील शेते अतिपाण्याने आणि खताने खारवट होत चालली आहेत, त्यांच्या मातीचे परीक्षण. महापुराचे पाणी कोणत्या गल्लीत किती चढले याची घरोघर जाऊन केलेली नोंद. इचलकरंजीच्या मागांचा आणि कोल्हापुरी चपलेच्या कारागिरांचा अभ्यास. ही कामे आपल्याच तरुणांनी केली नाहीत तर दुसरे कोणी येऊन करणार नाही. ज्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास कोणतीही अधिछात्रवृत्ती नाही त्यास अशा कामासाठी वर्षातून एकदा, साध्या अर्जावर, लहानशी रक्कम मिळावी अशी तजवीज नागरिकांच्या वर्गणीतून सहज होऊ शकेल.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: मरामत. नव्या इमारतीस दाता मिळतो, कारण तिच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसते, कोनशिलेस पाहुणे येतात आणि वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. परंतु साठ पावसाळे सोसलेल्या इमारतीच्या गच्चीची गळती बंद करण्यासाठी, जुनाट झालेल्या विजेच्या तारा बदलण्यासाठी, ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांना ओल लागू नये म्हणून लागणाऱ्या साधनांसाठी, पायऱ्यांच्या शेजारी अपंग विद्यार्थ्याची चाकाची खुर्ची जाईल असा उतार बांधण्यासाठी, वसतिगृहातील मोऱ्यांच्या दुरुस्तीसाठी कोणी देणगी दिल्याचे ऐकिवात नाही. मी स्पष्टच लिहितो: आपल्या दातृत्वास लागलेला हा नावाचा सोस विद्यापीठास महाग पडत आहे. प्रत्येक नवी इमारत म्हणजे पुढील पन्नास वर्षांचा झाडलोटीचा, रंगाचा आणि दुरुस्तीचा नवा खर्च, आणि तो खर्च देणगीदाराने केव्हाच विचारात घेतलेला नसतो. म्हणून ज्यांना मोठी रक्कम देण्याची शक्ती आहे त्यांनी नवे दालन बांधण्याऐवजी ती कायम ठेव म्हणून द्यावी, तिच्या केवळ व्याजातून जुन्या इमारतींची देखभाल व्हावी, आणि त्यावर आपल्या नावाची पाटी मागू नये. माळावर पावसाचे पाणी अडवून विद्यापीठाने जी तळी राखली आहेत, उघड्या खडकावर जी वनराई वाढविली आहे, वि. स. खांडेकर यांच्या स्मृतीचे जे संग्रहालय जतन केले आहे, ती सारी याच नित्याच्या, न दिसणाऱ्या खर्चावर टिकून आहेत.

देणाऱ्याच्या मनात एक रास्त शंका असते, आणि तिचे निरसन झाल्याखेरीज आवाहन पुरे होत नाही: आपला पैसा ठरल्या कामी लागेल कशावरून? मोठमोठ्या संस्थांच्या कारभाराविषयी लोकांच्या मनात जो अविश्वास साचला आहे तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्यावर उपाय देणे बंद करणे हा नसून हिशेब मागणे हा आहे. म्हणून प्रत्येक दात्याने रक्कम कोणत्या कामासाठी दिली हे लेखी कळवावे. प्रत्येक कामाचे खाते निराळे असावे. वर्षअखेर किती जमा झाले, किती विद्यार्थ्यांना मिळाले, कोणत्या छपराची दुरुस्ती झाली, शिल्लक किती, हे साध्या मराठीत छापून सर्वांपुढे ठेवण्यात यावे. आणि लाभ घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे मात्र कोठेही प्रसिद्ध होऊ नयेत. ही शेवटची अट मी आग्रहाने घालतो. मदत घेतलेल्या मुलास मंचावर उभे करून त्याच्या हाती पाकीट देतानाचे छायाचित्र काढणे हा प्रकार या निधीत कदापि होऊ नये.

आता कोणी किती द्यावे? साखर कारखान्यांनी पूर्वी सभासदांच्या संमतीने उसाच्या बिलातून टनामागे अल्पशी कपात करून शाळा-महाविद्यालये उभारली आहेत. त्याच पद्धतीने एका हंगामापुरती टनाला एक रुपया एवढी वर्गणी ठरवावी, अशी त्यांच्या संचालक मंडळांस विनंती आहे. दूध संघांस, नागरी बँकांस आणि व्यापारी पेढ्यांस असेच सांगणे आहे. ज्या शिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी याच विद्यापीठाच्या पदवीवर नोकरी मिळविली त्यांनी वर्षातून एका दिवसाचे वेतन द्यावे. गिरणगावात राबून मुलांस शिकविणाऱ्या सातारा-कोल्हापूरकडच्या कामगारांची मुले आज उपनगरांत स्थिरावली आहेत, त्यांनी आपल्या वडिलांच्या स्मृतीप्रीत्यर्थ एका विद्यार्थ्याच्या एका महिन्याच्या भोजनाचा भार उचलावा. परदेशस्थ बंधूंनी रक्कम पाठविण्यापूर्वी परदेशी देणगीविषयीचे नियम विद्यापीठाकडून समजावून घ्यावेत. आणि ज्यांच्यापाशी पैसा नाही पण मोडी वाचता येते, वायरिंग येते, सुतारकाम येते, इंग्रजी किंवा गणित शिकविता येते, त्यांनी आपले महिन्यातील दोन रविवार द्यावेत; कमवा व शिका योजनेच्या विद्यापीठास श्रमाची वर्गणी पैशाइतकीच मान्य व्हावी.

रक्कम दहा रुपये असो वा दहा लाख, ती कोणाही व्यक्तीच्या हाती देऊ नये. ती शिवाजी विद्यापीठाच्या नावे, विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागाकडेच भरावी. सोबत आपले नाव, गाव, शिकत असल्यास वा शिकलेले असल्यास वर्ष आणि विभाग, व रक्कम विद्यार्थी, संशोधन किंवा मरामत यांपैकी कोणत्या कामी लावावी हे एका ओळीत लिहून द्यावे. पावती घ्यावी, आणि ती जपून ठेवावी. पुढील वर्षी तीच पुढे करून आपणा सर्वांस जमाखर्च मागावयाचा आहे.

आपला नम्र,
विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी