बाळाचा श्वास आणि पालकांचा खिसा

लहान बाळाची साधी वाटणारी सर्दी कधीकधी छातीत उतरते. यामागे अनेकदा आरएसव्ही हा विषाणू असतो. सहा महिन्यांखालील बाळांना त्याचा धोका सर्वाधिक. मेळघाटात २०१६ ते २०२० दरम्यान झालेल्या अभ्यासात, दवाखान्यात न पोहोचता दगावलेल्या बाळांमध्येही तो सापडला. आपल्या पालघरच्या पाड्यांवरूनही दवाखाना लांबच असतो.

यावर उपाय आहे: गरोदरपणी आईला लस, किंवा जन्मानंतर बाळाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सर्व देशांना यांची शिफारस केली. आपल्या मोफत लसीकरणात मात्र दोन्ही नाहीत. बाळांसाठी फ्लूची लसही विकतच घ्यावी लागते. तारापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराने काय करावे?

न्यूमोकोकलची लसही आधी महाग होती. २०२१ मध्ये ती देशभर मोफत झाली. आरएसव्हीबाबतही हेच व्हावे आणि सुरुवात आदिवासी भागापासून व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत सरकारी लसी चुकवू नका. सर्दी झालेल्यांना बाळापासून दूर ठेवा. आईला सर्दी असली तरी तोंडाला रुमाल बांधून अंगावर पाजावे. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली गेली किंवा बाळाने दूध सोडले, तर ताबडतोब दवाखाना गाठा.