विश्लेषण : संग्राहकांची ‘वर्षातली आवडती’ रोमन नाणी; किंमत नाण्याची की त्याच्या कागदाची?

डिसेंबर आला की सोशल मीडियावर वर्षभरातल्या आवडत्या पुस्तकांच्या, सिनेमांच्या, गाण्यांच्या याद्या सुरू होतात. प्राचीन नाणी जमवणाऱ्यांमध्येही अशीच प्रथा आहे. ‘या वर्षी घेतलेली माझी आवडती दहा नाणी’ म्हणत ते रोमन सम्राटांचे चेहरे असलेल्या नाण्यांचे फोटो टाकतात. फोटोखाली अनेकदा एक ओळ असते : हे नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं आणि कोणत्या लिलावात विकलं गेलं. पाहणारा ती ओळ वाचत नाही. जाणकार मात्र आधी तीच वाचतो. असं का?

दोन हजार वर्षं जुनं नाणं विकत मिळतं?

मिळतं, आणि वाटतं तितकं महागही नसतं. रोमन साम्राज्याने सैनिकांचे पगार देण्यासाठी प्रचंड प्रमाणात नाणी पाडली. आजच्यासारख्या बँका नव्हत्या, त्यामुळे लोक पैसे मडक्यात भरून जमिनीत पुरत. ब्रिटनपासून बल्गेरियापर्यंत ही मडकी आजही सापडतात. चौथ्या शतकातलं, सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळातलं तांब्याचं साधं नाणं हजार-दोन हजार रुपयांतही मिळू शकतं. ‘दिनारियस’ हे चांदीचं नाणं त्याहून महाग असतं, तर सोन्याच्या ‘ऑरियस’ची किंमत लाखांत जाते.

आवडतं नाणं ठरतं कशावरून?

सगळ्यात महाग तेच आवडतं, असं नसतं. चेहरा स्पष्ट उमटलाय का, ठसा मधोमध बसलाय का, नाण्यामागे गोष्ट काय आहे, हे पाहिलं जातं. काही जण एकच विषय धरून नाणी घेतात. उदाहरणार्थ, चांदीची घसरण. पहिला सम्राट ऑगस्टसचं दिनारियस जवळपास शुद्ध चांदीचं होतं. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने नाण्याचं वजन आणि चांदी दोन्ही कमी केलं. २१५ मध्ये कॅराकॅलाने नवं नाणं काढलं. ते दोन दिनारियसच्या किमतीचं मानलं जातं, पण त्यात चांदी होती साधारण दीड दिनारियसची. २७० च्या सुमारास तर चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. ही नाणी ओळीने मांडली की महागाई म्हणजे काय, ते शाळकरी मुलालाही कळतं.

३२ लाख पौंडांच्या नाण्याचं काय झालं?

कागदाचं महत्त्व जगाला कळलं ते एका सोन्याच्या नाण्यामुळे. इ. स. पूर्व ४४ मध्ये, १५ मार्चला ज्युलियस सीझरची हत्या झाली. कटात सामील असलेल्या ब्रुटसने दोन वर्षांनी स्वतःची नाणी पाडली. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाची टोपी आणि खाली हत्येची तारीख. चांदीत ही नाणी शंभराच्या आसपास असावीत. सोन्यातली मात्र जेमतेम तीनच माहीत आहेत.

त्यातलं एक ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या ‘रोमा न्यूमिस्मॅटिक्स’ने लिलावात काढलं. ते ३२ लाख ४० हजार पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दराने ३० कोटी रुपयांहून जास्त किमतीला गेलं. नाणं जुन्या स्विस संग्रहातलं असल्याचं सांगण्यात आलं होतं. न्यूयॉर्कच्या तपास यंत्रणेने मागोवा घेतला, तेव्हा हा इतिहास बनावट निघाला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीच्या मालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. मार्च २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत करण्यात आलं.

यात लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे नाणं अस्सल होतं. नाणी तपासणाऱ्या नामांकित कंपनीने त्याला उत्तम दर्जाही दिला होता. खोटा होता तो फक्त मालकीचा इतिहास, ज्याला या व्यवहारात ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. म्हणजे ‘अस्सल’ असल्याचं प्रमाणपत्र नाणं चोरीचं नाही, याची हमी देत नाही.

चोरून उकरलं तर बिघडतं काय?

याचं उत्तर इंग्लंडमधल्या फ्रोम गावाजवळ मिळतं. एप्रिल २०१० मध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला तिथल्या शेतात मडकं लागलं. त्याने खोदणं थांबवलं आणि पुरातत्त्व विभागाला कळवलं. आत तब्बल ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो!

तज्ज्ञांनी मडकं थराथराने रिकामं केलं. सर्वांत उशिराच्या काळातली बरीचशी नाणी मडक्याच्या खालच्या भागात होती. म्हणजे ही वर्षानुवर्षांची बचत नव्हती, सगळी नाणी एकदमच भरली गेली होती. त्यामुळे हे लपवलेलं धन नसून देवाला वाहिलेली भेट असावी, असा तर्क पुढे आला. रात्रीतून कोणी मडकं उपसलं असतं, तर नाणी तेवढीच राहिली असती, पण ही माहिती कायमची गेली असती. कायद्यानुसार संग्रहालयाने ३,२०,२५० पौंड मोजून हा साठा घेतला आणि ती रक्कम शोधणारा व शेतमालक यांना मिळाली. खरं सांगण्यात तोटा नाही, हे इंग्लंडच्या कायद्याने असं दाखवून दिलं.

भारताचा संबंध काय?

रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती की, भारतातल्या मालापायी रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स खर्च होतात. दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूर परिसरात, रोमन नाण्यांचे साठे सापडले आहेत. गुप्तकाळातल्या सोन्याच्या नाण्याचं ‘दीनार’ हे नावही ‘दिनारियस’वरूनच आलं आहे.

त्यामुळे असं नाणं आपल्याकडेही जमिनीत मिळू शकतं. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

घेण्याआधी काय पाहावं?

विक्रेता कोण आहे? नाण्याच्या आधीच्या विक्रीची पावती किंवा लिलावाच्या कॅटलॉगमधला फोटो आहे का? त्या फोटोतल्या कडा, ओरखडे आणि चिरा हातातल्या नाण्याशी जुळतात का? हाताने पाडलेल्या दोन नाण्यांच्या कडा तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून हा मेळ उपयोगी पडतो. ‘जुन्या युरोपियन संग्रहातून’ एवढंच लिहिलं असेल आणि नाव, वर्ष, कागद काहीच नसेल, तर तो इतिहास नव्हे, नुसतं वाक्य आहे.

यंदा फीडमध्ये एखादं चकचकीत रोमन नाणं आलं, तर फोटोखालची ती ओळ जरूर वाचा. ती नसेल, तर ‘हे आलं कुठून?’ एवढं विचारायला हरकत नाही.