गवताचा वास अंगाला लावावा का?

बोईसरच्या ग्राहकापुढे वाळल्या गवताच्या परफ्यूमची पट्टी धरली की तो नाक मुरडतो. त्याचं काही चुकत नाही. पालघर, मनोर, वाडा या पट्ट्यातलं गवत आणि पेंढा वर्षानुवर्षं मुंबईच्या तबेल्यांना जात आलाय. इथल्या माणसाच्या नाकात तो वास म्हशीसकट बसलेला आहे. गंमत म्हणजे हाच ग्राहक दाढी झाल्यावर जे आफ्टरशेव्ह थापतो, त्यात पुष्कळदा कुमारिन असतं, म्हणजे वाळल्या गवताचाच वास! रसायनशास्त्रज्ञ पर्किननं ते १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं, १८८२ मध्ये हुबिगां कंपनीच्या ‘फुजेर रोयाल’ या परफ्यूममध्ये ते आलं आणि पुरुषांच्या सुगंधांचं एक आख्खं घराणं उभं राहिलं.

तेव्हा अडचण वासाची नाही, आपल्या परफ्यूम बनवणाऱ्यांच्या कामाची आहे. आपल्याकडे ‘हे’ (hay, म्हणजे वाळलं गवत) नावाचे बरेचसे नमुने युरोपातल्या कुरणाची नक्कल असतात. तिथल्या गवतात कुमारिन देणाऱ्या जाती असतात. उभ्या गवतात ते साखरेशी बांधलेल्या रूपात असतं. गवत कापून सुकायला लागलं की विकरं ती गाठ सोडवतात आणि मग वास सुटतो. ताज्या कापणीचा हिरवा वास वेगळा, तो हेक्झेनॉलचा. दोन्ही एकाच बाटलीत भरपूर ओतून त्याला वाळलं गवत म्हणणं हा आपल्या धंद्यातला जुना आळस आहे.

आपल्या माळांवर मात्र मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं. त्यांच्या सुक्या गाठीत हात खुपसून हुंगा. वर धूळ आणि ऊन, आत किंचित गोडसर ऊब, आणि गाठ ओली बांधली गेली असेल तर सरळ बुरशी. बदामी गोडवा फारसा नाहीच. त्यात कुमारिन स्वस्त, म्हणून हात सैल सुटतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत अशी गोड बाटली दुपारपर्यंत अंगावर चिकटून बसते. माझं मत स्पष्ट आहे: कुमारिन कमी करा, कोरडेपणा खसाकडून घ्या, वरच्या अंगाला रोशा गवताचं तेल जपून वापरा. खानदेश-विदर्भातलं हे तेल एके काळी परदेशी जात असे. आपण मात्र ते साबणापुरतं ठेवलं.

निर्यात करणाऱ्यांना एक आठवण. युरोपात कुमारिन अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या उत्पादनात ०.०१ टक्क्याच्या वर असेल, तर लेबलवर नाव छापावं लागतं.

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या मंडळींना दिवाळीनंतर गवताची वखार शोधायला फार लांब जावं लागणार नाही. नवा फॉर्म्युला लिहायच्या आधी एकदा जाऊन या, आणि त्या दिवशी स्वतः काही लावू नका.