उतरणीचा नियम आणि शिडीचा न्याय

वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे शिरड शहापुरांतील फुटबॉलप्रेमी विद्यार्थ्यांमध्यें एक निराळाच वाद रंगूं लागतो. इंग्लंडांतील वरिष्ठ लीगमधून यंदा कोणते तीन संघ खालच्या श्रेणींत उतरणार, हा त्या वादाचा विषय. एखादा वडील माणूस तें ऐकून सहज म्हणतो, "बाळांनो, हजारों कोसांवरील संघांच्या गुणांचा हिशेब करण्यापेक्षां स्वतःच्या गुणांचा हिशेब करा!" हा उपदेश हिताचा आहे, यांत शंका नाहीं. तथापि हा वाद म्हणजे केवळ रिकामपणाचा उद्योग होय, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. त्यांत न्यायाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचाच थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

ज्या पालकांस हा खेळ परिचित नसेल त्यांच्यासाठीं नियम प्रथम सांगतों. त्या लीगमध्यें २० संघ असतात व प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. विजयास ३ गुण, बरोबरीस १ गुण, पराभवास कांहींच नाहीं. हंगामाच्या अखेरीस तळाशीं राहिलेले ३ संघ खालच्या श्रेणींत जातात आणि खालचे ३ संघ वर येतात. इंग्लंडांत लीगची स्थापना १८८८ सालीं झाली, दुसरी श्रेणी १८९२ सालीं निघाली, आणि ही चढउतार केवळ गुणतक्त्यावरून व्हावी असें १८९८ सालीं ठरलें. उतरणीचा हा नियम आज लहानथोर सर्वांस सारखा लागूं आहे.

वाद करणारे विद्यार्थी नाना ठोकताळे पुढें करितात. ४० गुण झाले कीं संघ वांचला, हा त्यांतला एक. परंतु २००३ सालीं वेस्ट हॅम हा संघ ४२ गुण मिळवूनही उतरला. दुसरा ठोकताळा असा कीं, ज्याचें नांव मोठें तो बुडत नाहीं. परंतु १९३७ सालीं विजेता ठरलेला मँचेस्टर सिटी पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३८ सालीं, खालच्या श्रेणींत गेला. आणि नवल हें कीं, त्या हंगामांत त्या श्रेणींत सर्वांत अधिक गोल त्यानेंच केले होते! लेस्टर सिटीची कथा तर याहून विलक्षण. २०१५ सालीं एप्रिल उजाडला तरी हा संघ तळाशींच होता. तो कसाबसा वांचला, २०१६ सालीं विजेता झाला, आणि २०२३ सालीं पुन्हा उतरला. पूर्वपुण्याईवर कोणासही फार काळ बसतां येत नाहीं, हा धडा याहून स्पष्ट कोणता ग्रंथ शिकवील?

कोणी म्हणेल, हा नियम निर्दय आहे. संघ उतरला म्हणजे उत्पन्न घटतें, चांगले खेळाडू सोडून जातात, आणि मैदानावर राबणाऱ्या लहान नोकरांच्या पोटावर पाय येतो. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच इंग्लंडांत उतरलेल्या संघास फार तर ३ वर्षेंपर्यंत कांहीं रक्कम देण्यांत येते, कीं पडणाऱ्याचें हाड मोडूं नये. परंतु नियमच काढून टाकिला तर काय होईल? तळाच्या दोन संघांचा अखेरचा सामना निर्जीव होईल. हरलें काय नि जिंकलें काय, सारखेंच. आणि खालच्या श्रेणींत घाम गाळणाऱ्या संघास वरचें दार कायमचें बंद होईल. ज्या शिडीवरून कोणी उतरत नाहीं, तिच्यावर कोणास चढतांही येत नाहीं.

आतां हा प्रश्न आपल्या दारीं आणून पाहूं. गोव्याचा डेंपो हा संघ पांच वेळां राष्ट्रीय लीगचा विजेता झालेला. २०१५ सालीं आय-लीगच्या ११ संघांत तो दहावा आला. अकरावा, म्हणजे सर्वांत खालीं, होता पुण्याचा भारत एफसी. परंतु हा नवा संघ थेट प्रवेश घेऊन आलेला असल्यामुळें त्यास उतरणीपासून सूट होती. म्हणून तळाचा संघ राहिला आणि त्याच्या वरचा डेंपो उतरला! पुढें काय झालें? भारत एफसीनें त्या एकाच हंगामानंतर लीग सोडली. डेंपोनें मात्र खालच्या श्रेणींत उतरून २०१६ सालीं ती जिंकली. त्यानंतर गोव्याच्या इतर दोन संघांप्रमाणें तोही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला; परंतु २०२४ सालीं पुन्हा पायरी चढून तो आय-लीगमध्यें परत आला. सूट मिळालेला संघ टिकला नाहीं. पडलेला मात्र उठला. यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

इंडियन सुपर लीग २०१४ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून २०२४-२५ च्या हंगामापर्यंत तींतून एकही संघ खालीं उतरला नाहीं. मोठा पैसा घालणाऱ्यांस प्रारंभीं निर्धास्तपणा हवा असतो, हें आम्ही जाणतों. परंतु त्या निर्धास्तपणानेंही सर्व संघ वांचले नाहींत. पुण्याचा दुसरा एक संघ, एफसी पुणे सिटी, २०१९ सालीं बंद पडला. तेव्हां आमचें मत असें कीं, उतरणीचा नियम असावा. तो सर्वांस सारखा असावा. आणि उतरलेल्यास परत चढण्याची वाट मोकळी असावी. या तिन्हींपैकीं एकही गोष्ट उणी पडली तर न्याय लंगडा होतो.

पालकांस वाटेल, यांत आमच्या मुलांचें काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत कोणासही मागें ठेवूं नये असें ठरविलें होतें. २०१९ सालीं त्यांत दुरुस्ती झाली, आणि महाराष्ट्रानें २०२३ सालीं पांचवी व आठवीसाठीं नवा नियम केला: पुनर्परीक्षेंतही अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास त्याच वर्गांत राहावें लागतें. म्हणजे उतरणीचा नियम आपल्याही घरीं आला आहे. अशा वेळीं मागें राहिलेल्या मुलाची शेजाऱ्यांसमोर हेटाळणी करणें सोपें. परंतु एक वर्ष त्याच्याजवळ बसून त्याचा कच्चा विषय पक्का करून घेणें, हेंच खरें पालकत्व. शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राच्या बापानें परत येणाऱ्या मुलास दारांतच अडवून हिशेब मागितला नाहीं, हें आपण विसरूं नये.

असो. विद्यार्थिमित्रांनो, तुमचा वाद खुशाल चालूं द्या. अभ्यास आटोपल्यावर मात्र! फक्त यंदा एक प्रश्न अधिक विचारा. कोण उतरणार, एवढेंच विचारून थांबूं नका; गेल्या वर्षीं उतरलेला पुन्हा कसा चढतो आहे, तेंही पाहा. अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट २०११ सालीं उतरला, तेव्हां त्याचे चाहते रडले. २०१५ सालीं तोच दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला. गुणतक्ता त्या वर्षापुरता खरा असतो. त्याच्या पुढचें वर्ष ज्याचें त्यानें लिहावयाचें असतें.