बरे झालेले गेले कुठे?

'आमच्या महाराजांकडे घेऊन जा, तिथे असली मुलं सरळ होतात.' हे वाक्य मी गोव्यात ऐकलंय आणि नोकरीनिमित्त सिल्वासाला आल्यापासून इथेही ऐकतोय. महाराजांच्या जागी आमच्याकडे कधी घाडी असतो, इथे भगत असतो, कुठे रिट्रीट घेणारे पाद्री, कुठे ताईत देणारे बाबा. 'असली मुलं' म्हणजे कसली, हे मात्र कुणी उघड बोलत नाही. मुलाला मुलगा आवडतो किंवा मुलीला मुलगी, एवढंच सांगायचं असतं, पण जीभ रेटत नाही. 'सरळ' हा शब्द मात्र सगळ्यांना बरोबर सापडतो. मूल म्हणजे काय वाकलेला खिळा आहे?

मी पडलो सरकारी कारकून. (हे सगळं माझं खाजगी मत, कचेरीचं नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.) आमच्याकडे साधी विहीर खोदली तरी कार्यवाही अहवाल लागतो. पाणी लागलं का, किती लागलं, उन्हाळ्यात टिकलं का. त्या सवयीने मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की या महाराजांचं रजिस्टर कुठे आहे? किती आले, किती बदलले, पाच वर्षांनी त्यांचं काय झालं? असं रजिस्टर मी आजवर पाहिलेलं नाही. प्रत्येकाला 'एक मुलगा' माहीत असतो, जो बरा झाला. तो मुलगा नेहमी दुसऱ्या गावचा असतो.

रजिस्टर नसण्याचं कारणही साधं आहे. या उपायाला नापास होण्याची सोयच ठेवलेली नाही. मुलगा लग्नाला उभा राहिला, की महाराजांची कृपा. नाही राहिला, तर मुलाची श्रद्धा कमी पडली, आईने सोवळं पाळलं नाही, वडिलांनी गेल्या जन्मी काही केलं असेल. म्हणजे जमा सगळी मठाच्या खात्यात आणि खर्च सगळा त्या पोराच्या! हिशेबाची अशी वही आमच्या कचेरीत कुणी ठेवली असती तर ऑडिटवाल्यांनी त्याला घरी बसवलं असतं.

आणि पोराला हा खर्च परवडत नाही. आधी त्याला फक्त चोरून राहावं लागत होतं. आता त्याला कळतं, की देवानेही प्रयत्न केला आणि आपण देवालाही पुरून उरलो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हे घालणं म्हणजे काय याचा विचार करा. मी नास्तिक नाही. आमच्या ग्रामदेवतेला मीही नारळ ठेवतो, कौल लावतो. पाकळी उजवीकडून पडली की बरं वाटतं. पण देवाकडे आधार मागणं निराळं आणि देवाला आपल्या अब्रूच्या कामाला जुंपणं निराळं.

ज्यांनी ही वही प्रामाणिकपणे उघडली, त्यांचं काय झालं तेही पाहू. अमेरिकेत १९७६ साली 'एक्झोडस' नावाची ख्रिस्ती संस्था निघाली. प्रार्थना, समुपदेशन, शिबिरं यांनी माणूस समलैंगिकतेतून 'मुक्त' होतो, असा तिचा दावा. अनेक देशांत शाखा, पैसा, प्रसिद्धी, सगळं होतं. २०१२ साली तिचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी स्वतःच सांगितलं, की आपल्याला भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांचं आकर्षण बदललेलं नाही. २०१३ साली त्यांनी जाहीर माफी मागून संस्थेला टाळं ठोकलं. सदतीस वर्षं चाललेलं दुकान, आणि बंद करणारा कुणी विरोधक नाही, खुद्द मालक! त्याच सुमारास रॉबर्ट स्पिट्झर या नामवंत मनोविकारतज्ज्ञाने आपला जुना अभ्यास चुकीचा ठरवला. बदल होऊ शकतो, असं त्याने २०० जणांच्या मुलाखतींवरून मांडलं होतं आणि जगभरचे धर्मोपदेशक तो कागद नाचवत होते. लोक स्वतःबद्दल जे सांगतात ते खरं की नाही हे तपासायची काही सोय त्या अभ्यासात नव्हती, हे त्याने २०१२ मध्ये कबूल केलं आणि समलैंगिकांची माफीही मागितली. आमच्या इकडच्या बाबांकडून मी माफीची अपेक्षा करत नाही. निदान आकडा तरी सांगा.

आपल्याकडे काय झालं? ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा रामदेवबाबांनी समलैंगिकांना आश्रमात यायचं निमंत्रण दिलं आणि योगाने बरं करण्याची हमी घेतली. हमी! किती गेले, किती बरे झाले, याचा हिशेब माझ्या तरी वाचनात नाही. मग जानेवारी २०१५ मध्ये आमच्या गोव्याची पाळी आली. राज्याचं युवा धोरण जाहीर करताना तेव्हाचे क्रीडा व युवा व्यवहार मंत्री रमेश तवडकर म्हणाले, की अशा तरुणांना 'नॉर्मल' करण्यासाठी, दारू सोडवणाऱ्यांसारखी केंद्रं काढू, प्रशिक्षण देऊ, औषधंही देऊ. देशभर हसं झाल्यावर, आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा त्यांनी केला. केंद्र काही निघालं नाही. पण माझ्या मनात कारकुनी शंका येऊन गेलीच. औषध कुठलं, आणि ते कुठल्या लेखाशीर्षाखाली खरेदी करणार होते? जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच हा रोग यादीतून काढून टाकला होता.

'ही सगळी पाश्चात्त्य थेरं' असं म्हणणारे आहेतच. त्यांना मी आमच्या शेजारच्या दमणची गोष्ट सांगतो. चार्ल्स डेलॉन हा फ्रेंच वैद्य १६७३ साली दमणमध्ये पकडला गेला आणि गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत जाऊन पडला. त्याचा गुन्हा धर्माविरुद्ध बोलण्याचा होता. पण सुटल्यावर त्याने जे पुस्तक लिहिलं, त्यात एका आरमारी अधिकाऱ्यावर शत्रूंनी समलिंगी संबंधांचा खोटा आळ घेतल्याची हकिकतही आहे. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या अखत्यारीत पाखंडाइतकाच तोही गुन्हा होता. म्हणजे पश्चिमेकडून इथे काय आलं? त्या माणसांना शोधून काढून धर्माच्या नावाने दुरुस्त करणारं खातं आलं. आधी कबुली, मग पश्चात्ताप, मग शिक्षा. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर इतका काळ हे खातं गोव्यात चाललं. हाताशी तुरुंग होते, गलबतावरची सक्तमजुरी होती, जाळण्याचा खांब होता. तरी माणसं बदलली नाहीत. आणि आमचा महाराज म्हणतो, अकरा गुरुवार आणि एक ताईत.

सगळ्यात वाईट भाग पुढेच आहे. अकरा गुरुवार संपले, की महाराज सांगतात, आता लग्न लावून द्या. एका ओळखीच्या गृहस्थांनी मला, तुम्ही गोव्याचे म्हणून, तिकडच्या एखाद्या जागृत स्थानाचा पत्ता विचारला. मुलगा चोवीस वर्षांचा, वापीला नोकरीला. मुलगीही बघून ठेवली होती. मी विचारलं, 'भाऊ, त्या मुलीला सांगितलंय का?' ते माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी फारच असभ्य बोललो. त्या मुलीचा या सगळ्यात काय दोष? तिला तुम्ही औषधाची बाटली म्हणून वापरणार, आणि मूल झालं नाही तर उद्या तिलाच त्या महाराजांपुढे बसवणार. पत्ता मी दिला नाही. त्याबद्दल ते अजून नाराज आहेत.

कायद्याचंही थोडं पाहिलं पाहिजे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे दोन मुलींची याचिका आली. निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय नीट कळत नाही, असं म्हणून ते स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर जाऊन बसले, आणि ७ जून २०२१ रोजी असल्या 'उपचारां'ना मनाई केली. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ तर स्वच्छ सांगतं, की समाजाच्या नैतिक वा धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

यात डॉक्टर आला. महाराज, भगत, पाद्री आणि योगगुरू कुठे आले? त्यांची ना नोंदणी, ना परवाना, मग रद्द काय करणार? महाराष्ट्राने दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, गुजरातनेही २०२४ साली केला. मारहाण करून भूत उतरवणाऱ्याला त्यात धरता येतं. गोड बोलून अकरा गुरुवार करायला लावणाऱ्याला नाही. शिवाय हे कायदे त्या त्या राज्यांचे, आणि सिल्वासा दोघांच्या मधोमध. अमावास्येला हद्दीच्या पाटीवरून इकडे तिकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी पाहावी. त्यातल्या किती गाड्यांत मागच्या सीटवर एखादं गप्प बसलेलं पोर असतं, याचंही रजिस्टर कुणी ठेवत नाही.